‘डिमेबल’ म्हणजे नेमके काय, ते खोक्यावर छापा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरातले दिवे मोबाइलवरून मंद-प्रखर करण्याची सोय आता किनाऱ्यावरच्या खेड्यांतही आली आहे. पर्यटकांना खोल्या देणारी घरे असोत, की मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनी दुरुस्त करून घेतलेली वडिलोपार्जित घरे असोत, भिंतीतल्या बोर्डामागे काडेपेटीएवढे डिमर मॉड्युल बसवलेले पुष्कळदा दिसते. मात्र या डिमरवर कोणता एलईडी बल्ब नीट चालेल, हे खात्रीने सांगणारा माणूस तालुक्याच्या बाजारात भेटत नाही, आणि बल्बच्या खोक्यावर ‘डिमेबल’ या एका शब्दापलीकडे उपयोगाचे काही छापलेले नसते. या एका शब्दावर विसंबून मी दीड वर्ष पैसे आणि मनःस्वास्थ्य दोन्ही घालवले, म्हणून हे पत्र.

माझे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. जांभ्याच्या दीड फुटी भिंती, पुढे पडवी, मध्ये माजघर, बाजूला देवघर आणि मागे नारळी-पोफळीची वाडी, असा जुनाच साचा आहे. छपराचे काम निघाले तेव्हा पुण्यातल्या मुलाने हौसेने पाच ठिकाणी डिमर बसवून दिले. बल्ब मी तालुक्याच्या दुकानातून आणले आणि ‘डिमेबल’ शब्द वाचूनच आणले. गणपतीच्या आदल्या रात्री माजघरात मखर सजवून झाल्यावर दिवे जरा मंद करायला गेलो, तो चारांपैकी दोन बल्ब लुकलुकू लागले, तिसरा पार विझला आणि चौथ्यातून रातकिड्यासारखी किरकिर सुरू झाली. दिवे बंद केल्यावर वेगळाच प्रकार. बटण बंद असतानाही बल्बांत निखाऱ्यावर राख धरावी तसा अंधूक उजेड राहिला. पुढे दिवाळीनंतर आम्ही पुण्याला गेलो असता शेजारच्या काकूंनी फोन करून विचारले, “मास्तर, घराला कुलूप आहे ना? मग माजघरात कोण बसलंय?”

बल्ब परत करायला गेलो तेव्हा दुकानदाराने माझ्यासमोर फळीवरच्या होल्डरमध्ये एकेक बल्ब लावून दाखवला. “पेटतोय ना? मग खराब कसा?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण बल्ब खरोखरच खराब नव्हता. खराबी बल्बात नव्हती आणि डिमरातही नव्हती, दोघांची जोडी जमत नव्हती. ही गोष्ट समजायला मला पुढचे कित्येक महिने लागले. ती इतर ग्राहकांना पाच मिनिटांत समजावी, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असते. प्रत्येक आवर्तनाचे दोन अर्धे, म्हणजे सेकंदाला १०० अर्धलाटा होतात. घरगुती डिमर हा दाब (व्होल्टेज) कमी करत नाही. तो प्रत्येक अर्धलाटेचा काही भाग कापून टाकतो आणि उरलेलाच भाग दिव्यापर्यंत जाऊ देतो. जुन्या तारेच्या बल्बला, ज्याला आम्ही गोळा म्हणत असू, याचे काही वाटत नसे. तापलेली तार सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात थंड होत नाही, त्यामुळे कापलेल्या लाटेवरही गोळ्याचा उजेड संथ राही. एलईडी बल्बाच्या बुडाशी मात्र ‘ड्रायव्हर’ नावाचे छोटे इलेक्ट्रॉनिक मंडळ बसवलेले असते आणि एलईडीला एकसारखा प्रवाह पुरवत राहणे हेच त्याचे काम असते. समोरून लाट कापून आली, तर यातून मालकाला उजेड कमी हवा आहे असा अर्थ काढायचा, की पुरवठ्यात बिघाड झाला असे समजून जोर करायचा, हे त्या ड्रायव्हरच्या रचनेवर ठरते. ज्याला हा अर्थ काढता येतो तो डिमेबल. पण कोणत्या डिमरच्या बाबतीत आणि किती खालपर्यंत, हा खरा प्रश्न आहे आणि खोके नेमके तेथेच गप्प बसते.

लाट कापण्याच्या रीती दोन. ट्रायॅक नावाचा भाग वापरणारे जुन्या धाटणीचे डिमर अर्धलाटेची सुरुवात कापतात, म्हणजे दाब शून्यावरून एकदम वर उसळतो. यांना ‘लीडिंग एज’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारचे डिमर लाट सुरळीत चढू देतात आणि तिचा शेवट कापतात, ते ‘ट्रेलिंग एज’. बहुतेक एलईडी ड्रायव्हरांच्या तोंडाशी कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग, असतो. दाब एकदम उसळला की तो क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, असे सेकंदाला शंभर वेळा घडते आणि त्यातूनच ती किरकिर येते. म्हणून एलईडीसाठी बहुधा ट्रेलिंग एज डिमर बरा पडतो. ‘बहुधा’ म्हणतो, कारण काही बल्ब मुद्दाम ट्रायॅकसाठीच बनवलेले असतात आणि त्यांचे दुसऱ्या प्रकाराशी जमत नाही. माझ्या घरी पाचांपैकी तीन डिमर एका जातीचे आणि दोन दुसऱ्या जातीचे निघाले. बसवणाऱ्याला हे ठाऊक नव्हते आणि विचारायचे असते, हे मलाही ठाऊक नव्हते.

दुसरी भानगड भाराची. ट्रायॅक एकदा चालू झाला, की त्यातून काही किमान प्रवाह वाहत राहावा लागतो, नाहीतर तो मधेच बंद पडतो. साठ वॅटचा गोळा पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढत असे, त्यामुळे ही अडचण पूर्वी कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्या माजघरात ५ वॅटचे चार बल्ब आहेत, म्हणजे पूर्ण उजेडावर २० वॅट. डिमरच्या पत्रकात, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, किमान भार २५ वॅट लिहिलेला होता. म्हणजे दिवे पूर्ण प्रखर असतानाही भार कमीच पडत होता, मंद केल्यावर तर बोलायलाच नको. आमच्या वायरमनने खोक्याकडे न बघता निदान केले, “मास्तर, लोड पडत नाही हो.” त्याने कोठीच्या खोलीत त्याच लाइनवर साठचा एक जुना गोळा लावून दाखवला आणि माजघरातले चारही बल्ब शहाण्यासारखे वागू लागले! वीज वाचवण्यासाठी एलईडी घ्यायचे आणि त्यांना सोबत म्हणून कोठीत साठ वॅटचा गोळा जाळायचा, हा हिशेब मला पटेना. पण निदान अचूक होते, आणि या सगळ्या प्रकरणात मला मिळालेले पहिले खरे उत्तर त्या वायरमनचे होते.

बटण बंद असताना राहणाऱ्या अंधूक उजेडाचे कारण घरांच्या वायरिंगमध्ये आहे. आपल्याकडे बहुतेक जुन्या घरांत बटणांच्या बोर्डापर्यंत फेजची, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार येते, न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, मात्र परस्पर होल्डरकडे जाते. मोबाइलचे ऐकणाऱ्या डिमरला स्वतःलाही अहोरात्र थोडी वीज लागते. न्यूट्रल नसेल, तर तो ती वीज बल्बातूनच चोरून घेतो. हा प्रवाह गोळ्याला जाणवला नसता, पण एलईडीला तेवढ्याने उजेड फुटतो. यावर बल्बच्या समांतर जोडायचा ‘बायपास’ नावाचा लहानसा भाग मिळतो आणि तो चालतोही, पण उत्तम उपाय म्हणजे बोर्डापर्यंत न्यूट्रल ओढून घेणे. घराचे वायरिंग नव्याने करणाऱ्यांनी, आज डिमर बसवायचा नसला तरी, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल घालून घ्यावी. तार स्वस्त आहे, जांभ्याची भिंत पुन्हा फोडणे महाग. आणखी एक तपासणी वायरमनकडून करून घ्यावी. काही जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले आढळते. तसे असेल, तर साध्या बटणावरही एलईडी रात्रभर मिणमिणतो, आणि बटण बंद केले तरी होल्डरमध्ये फेज जिवंत राहते, हा त्यातला खरा धोका.

आता ‘दहा टक्क्यांपर्यंत मंद होतो’ या वाक्याबद्दल. मी ते एका महागड्या बल्बच्या खोक्यावर वाचले आणि समाधानाने घरी आलो. मात्र देवघरात तो अगदी खाली नेला, तरी उजेड मनासारखा उतरेना. मीटर जे मोजतो आणि डोळ्याला जे जाणवते, त्यांत अंतर असते. प्रकाशयोजनेच्या शास्त्रात ढोबळमानाने असे धरतात, की मोजमापाने दहा टक्के उरलेला उजेड डोळ्याला सुमारे बत्तीस टक्के, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वाटतो. एक टक्क्यापर्यंत उतरला, तर डोळ्याला दहा टक्के वाटतो. समईच्या उजेडाला शोभेल इतका मंद दिवा हवा असेल, तर दहा टक्क्यांचा बल्ब पुरणार नाही. शिवाय गोळा मंद केला, की त्याचा रंग तांबूस होत जाई, एलईडी मात्र मंद झाला तरी त्याच रंगाचा राहतो आणि पांढरा बल्ब मंद केला की खोलीला एक आजारी करडेपणा येतो. ‘वॉर्म डिम’ म्हणून मिळणाऱ्या बल्बांत हा रंगबदल मुद्दाम घातलेला असतो, पण ते आमच्या बाजारात मागवावे लागतात.

यावर सोपा मार्ग म्हणून बरेच जण ज्यांच्या पोटातच वायफाय किंवा झिगबी नावाची बिनतारी जोडणी असते, ते ‘स्मार्ट’ बल्ब घेतात. ते स्वतःच मंद होतात, त्यामुळे जोडी जमवण्याचा प्रश्न उरत नाही. पण असा बल्ब डिमरवर कधीही लावू नये. त्याला पूर्ण आणि अखंड पुरवठा लागतो. कापलेल्या लाटेवर तो गोंधळतो, नेटवर्कवरून सुटतो आणि कधी कायमचा बिघडतोही. माझ्या मुलाने पडवीत नेमके हेच केले होते, डिमरही हुशार आणि बल्बही हुशार. घरात दोन कारभारी असले, की जे होते ते झाले. तसेच, पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी लावून बघण्याची हौस कुणी करू नये. ते उपकरण वेगळ्या कामासाठी बनवलेले असते.

किनाऱ्यावरच्या माणसाला याखेरीज दोन-तीन गोष्टी सोसाव्या लागतात. खाऱ्या हवेने होल्डरच्या पिना हिरव्या पडतात, आतली स्प्रिंग गंजते आणि बल्ब लुकलुकतो. दोष डिमरला लावण्यापूर्वी तोच बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहावा. माझ्या एका ‘बिघडलेल्या’ बल्बाचे दुखणे एवढेच निघाले. पावसाळ्यात वीज गेली, की घर इन्व्हर्टरवर जाते. स्वस्त इन्व्हर्टरची लाट गुळगुळीत नसते, ती चौकोनी किंवा पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि लाट शून्यावर कधी येते हे पाहून कापणी करणारा डिमर तेथे चुकतो. महावितरणच्या विजेवर उत्तम चालणारी जोडी इन्व्हर्टरवर नाचू लागते, ती यामुळे. डिमर लावायचे असतील, तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. संध्याकाळी दाब उतरतो तेव्हा तळाशी नेऊन ठेवलेला दिवा विझतो आणि पुन्हा पेटायला कुरकुर करतो. यावर उपाय डिमरच्या ॲपमध्येच असतो. त्यात किमान उजेडाची पातळी ठरवता येते, ती दिवा जेथे लुकलुकतो तेथून जराशी वर ठेवावी. ही सोय वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मंद दिव्यांची गरज केवळ शोभेची नाही, हे कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. वेळास, आंजर्ले यांसारख्या आमच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्यांतून साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने चालत समुद्राकडे जातात. किनाऱ्यालगतच्या घरातला पांढरा झगझगीत दिवा त्यांना उलट्या दिशेला ओढतो. अशा घरांना समुद्राकडच्या पडवीचा दिवा पिवळसर आणि अगदी मंद ठेवता आला पाहिजे, आणि तो ठरल्या वेळी आपोआप मंद होणे ही स्वयंचलित डिमरची उत्तम उपयोगिता आहे. पण पाहुण्यांना लुकलुकणारा दिवा सोसत नाही. मग यजमान डिमर काढून टाकतो आणि पूर्ण प्रखर बल्ब लावून मोकळा होतो. हे मी आमच्याच आळीत दोन घरी पाहिले.

आता मागणी. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६१०२ हे मानक एलईडी बल्बांसाठी आहे, बल्बची नोंदणी सक्तीची आहे, तारांकित लेबलावरून वॅटमागे किती उजेड मिळतो तेही कळते. या सगळ्याचा ग्राहकाला लाभ झाला आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली आणि त्यानंतर ९ वॅटचा बल्ब खेडोपाडी पोहोचला, हेही मी विसरलेलो नाही. पण त्या काळी प्रश्न केवळ पेटवण्या-विझवण्याचा होता. डिमरवर न चालणाऱ्या बल्बाच्या खोक्यावर डिमरच्या खुणेवर काट मारलेली असते, तेवढी नकाराची माहिती मिळते. होकाराची माहिती मात्र कुणी देत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या इमारत-ऊर्जा नियमांत, घरांसाठी मान्य ठरणाऱ्या दिव्याने दहा टक्के किंवा त्याहून खाली उतरले पाहिजे आणि पूर्ण उजेडावर तसेच वीस टक्क्यांवरही त्याचा लुकलुकाट ठरावीक मर्यादेत राहिला पाहिजे, अशी अट आहे. काही मोठे उत्पादक आपला कोणता बल्ब कोणत्या डिमरवर तपासला, याचे तक्ते आपल्या संकेतस्थळांवर देतात. म्हणजे माहिती तयार असते, ती आमच्या तालुक्याच्या दुकानापर्यंत येत नाही.

‘डिमेबल’ असे छापणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने खोक्यावर मराठीत, किंवा निदान वाचता येईल अशा अक्षरांत, बल्ब लीडिंग एजवर चालतो की ट्रेलिंग एजवर, तो किती टक्क्यांपर्यंत उतरतो आणि कोणत्या डिमरवर तपासला आहे, एवढे तरी छापावे. डिमर बनवणाऱ्यांनी एलईडीसाठीचा किमान आणि कमाल भार ठळक द्यावा. गोळ्यांसाठीचा मोठा आकडा पुढे छापायचा आणि एलईडीसाठीचा, त्याहून पुष्कळ लहान, आकडा घडी घातलेल्या पत्रकात लपवायचा, हे थांबावे. मानक ब्युरोने याची सक्ती केली, तर उत्तमच.

दुकानदारांना मात्र सक्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक दुकानात बल्ब तपासण्याची फळी असतेच, तिच्यावर दोन्ही जातींचा एकेक डिमर बसवायला फारसा खर्च येत नाही. गिऱ्हाइकाने आपल्याला हवे तितके बल्ब एकत्र लावून ते हळूहळू अगदी खाली न्यावेत, तेथे दोन मिनिटे ठेवून कान द्यावा, मग बंद करून त्याच खालच्या पातळीवर पुन्हा पेटतात का ते पाहावे. उजेडात पेन्सिल झरझर हलवावी. तिच्या एकाऐवजी अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या, तर लुकलुकाट आहे, डोळ्याला थेट जाणवत नसला तरी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही काळे पट्टे सरकताना दिसतात.

“पेटतोय ना?” असे विचारणाऱ्या त्याच दुकानदाराला मी हे सगळे सांगितले तेव्हा तो आधी हसला. मग मी माझ्याच घरचा एक डिमर काढून वायरमनसह त्याच्या दुकानात गेलो आणि आम्ही त्याच्याकडचे सात प्रकारचे ‘डिमेबल’ बल्ब, प्रत्येकी चार, एकेक करून लावून पाहिले. सातांपैकी दोनच तळापर्यंत शांतपणे उतरले आणि त्यांतला एक सर्वांत स्वस्त होता. तो ८ वॅटचा बल्ब आता माझ्या माजघरात आहे. बोर्डात न्यूट्रल ओढून ट्रेलिंग एज डिमर लावला आहे. देवघरात साध्या बटणावर स्मार्ट बल्ब आहे आणि पडवीला २४ व्होल्टची पिवळसर पट्टी तिच्या स्वतःच्या डिमरसह लावली आहे. कोठीतला साठचा गोळा काढून ठेवला आहे.

आपल्या ग्राहकविषयक सदरातून उत्पादकांना आणि मानक ब्युरोला याविषयी विचारणा व्हावी, आणि त्यांचे जे उत्तर येईल ते छापावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक (निवृत्त शिक्षक),
ता. दापोली, जि. रत्नागिरी